पक्ष्माभिकांना हुकूम कोण देते?

आपल्या शाळेने मला दिलेल्या गोष्टींपैकी एकीविषयीच लिहायचे असेल, तर मी एका प्रश्नाविषयी लिहीन. शरीरापासून कापून वेगळा केलेला, मेंदूशी कसलाही संबंध न उरलेला अवयवाचा तुकडा हालचाल कशी करत राहतो, आणि ती हालचाल वाढवायची किंवा थांबवायची असेल तर त्याला हुकूम कोण देते? नंदुरबारला दहावीच्या वर्गात हा प्रश्न आमच्यापुढे आला, आणि पुढे प्राणिशास्त्र शिकताना व शिकवताना मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळले.

निमित्त तापीतल्या शिंपल्यांचे होते. आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून गोड्या पाण्यातले जिवंत शिंपले मागवले होते. त्यांतल्या एकाच्या कल्ल्याचा नखाएवढा तुकडा नदीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तुकड्याच्या कडेला पक्ष्माभिकांच्या, म्हणजे ज्यांना सिलिया म्हणतात त्या सूक्ष्म केसांसारख्या वाढींच्या रांगा होत्या, आणि दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट त्यांच्यावरून एकाच दिशेने धावत होती. पाण्यातला गाळाचा कण त्या लाटेत सापडला की ठरलेल्या वाटेने पुढे सरकत असे. पाठ्यपुस्तकात पक्ष्माभिकांना एक ओळ दिलेली होती. सरांनी त्यांना अख्खा तास दिला, आणि हुकमाचा प्रश्न फळ्यावर लिहून उत्तर न देता तो तसाच ठेवला. तेव्हा आम्हाला ते अपुरे वाटले होते. आज शिक्षिका म्हणून मला तो त्या वर्षातला सर्वांत चांगला तास वाटतो.

हालचाल कशी होते, या पहिल्या भागाचे उत्तर पक्ष्माभिकेच्या रचनेत आहे. तिच्या आत परिघावर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका असतात. परिघावरच्या जोड्यांना प्रथिनाचे लहान हात फुटलेले असतात, आणि हे हात शेजारच्या जोडीवर सरकले की अख्खी पक्ष्माभिका वाकते. या प्रथिनाला डायनीन म्हणतात. इयान गिबन्स या शास्त्रज्ञांनी ते 1960 च्या दशकात शोधून वेगळे केले. त्याला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते. म्हणूनच कापलेला तुकडा काही काळ चालू राहतो: यंत्र आणि इंधन दोन्ही पेशीतच असतात.

हुकमाचा भाग मात्र याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याचे एक उत्तर शिंपल्यांनीच दिले. मायटिलस या समुद्री शिंपल्याच्या कल्ल्यावर बाजूच्या पक्ष्माभिकांची एक रांग पाणी आत खेचण्याचे काम करते. कल्ला कापून काढला की ही रांग बहुधा थांबते. मात्र पाण्यात सेरोटोनिन मिसळले की ती पुन्हा सुरू होते, आणि डोपामीन दिले की मंदावते. जिवंत प्राण्यात हीच दोन रसायने कल्ल्यापर्यंत येणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांतून सोडली जातात. सेरोटोनिनचे नाव आज मेंदूच्या संदर्भात सर्वांना परिचित आहे. परंतु बेटी ट्वारोग या संशोधिका त्याच्यापर्यंत पोहोचल्या त्या मायटिलसच्या स्नायूंचा अभ्यास करताना, आणि त्यानंतर 1953 मध्ये त्यांनी आयर्विन पेज यांच्यासह ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असल्याचे दाखवले. ज्यांना शिंपल्यासारखा प्राणी अभ्यासाला क्षुल्लक वाटतो, त्यांना मी ही हकीकत नेहमी सांगते.

सेरोटोनिन स्वतः पक्ष्माभिकेच्या आत जात नाही. ते पेशीच्या आवरणावरील ग्राहीला, म्हणजे संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, त्यामुळे पेशीत चक्रीय एएमपी नावाचा रेणू वाढतो, आणि त्याच्या प्रभावाने डायनीनच्या घटकांवर फॉस्फेट चढून हालचाल सुरू होते. दुसरा मोठा संदेशवाहक कॅल्शियम आहे. शिंपल्याच्या त्याच पेशींत कॅल्शियम वाढले तर बाजूच्या पक्ष्माभिका जागच्या जागी थबकतात.

आपल्या श्वासनलिकेत नेमके याच्या उलट घडते, आणि या विषयातले मला सर्वांत विलक्षण वाटणारे सत्य हेच आहे. श्वासनलिकेच्या एकेका पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात, सेकंदाला दहा ते वीस वेळा हलतात आणि धूळ चिकटलेला कफ घशाकडे वर ढकलतात. तेथे पेशीत कॅल्शियम वाढले की त्यांचा वेग कमी न होता वाढतो. एखाद्या पेशीला धक्का बसला, तर कॅल्शियमची लाट शेजारच्या पेशींतही पसरते. पेशींबाहेर आलेले एटीपीही ग्राहींमार्फत हेच काम करते. चक्रीय एएमपी येथेही वेग वाढवते, आणि दम्यासाठी ओढतात ती सालब्युटामॉलसारखी औषधे पेशींत तेच वाढवतात. 2009 मध्ये तर असे दिसून आले की, माणसाच्या श्वसनमार्गातील पक्ष्माभिकांवर कडू चवीचे ग्राही असतात आणि कडू पदार्थ पोहोचला की त्या अधिक वेगाने हलू लागतात. मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरची धूळ श्वासात घेत वाढलेल्या आपल्या गावच्या मुलांना ही यंत्रणा शाळेतच समजावी, असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ कॅल्शियम स्वतः ‘चल’ही म्हणत नाही आणि ‘थांब’ही म्हणत नाही. अर्थ ठरतो तो घेणाऱ्या पेशीत कोणती प्रथिने वाट पाहत बसली आहेत त्यावर. सरांच्या प्रश्नातला ‘हुकूम देणारा’ मी बरीच वर्षे बाहेरच शोधत होते. आता मला वाटते की, संदेश बाहेरून येत असला तरी हुकूम बराचसा पक्ष्माभिकेच्या आतच तयार होतो.

आजच्या विद्यार्थ्यांना हे पाहण्यासाठी शिंपला कापण्याची गरज नाही. ज्वारीचा कडबा पाण्यात काही दिवस भिजत ठेवून त्यात डबक्याचे थोडे पाणी घातले की बहुधा पॅरामेशियम मिळतो. तो प्राणी नव्हे, एकपेशीय जीव आहे. पण त्याच्या पक्ष्माभिकांची रचना तीच आहे. काचपट्टीवरच्या थेंबाच्या कडेला पोटॅशियम क्लोराइडच्या विरळ द्रावणाचा थेंब सोडावा. पॅरामेशियमच्या आवरणावरील विद्युत्‌भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते, पक्ष्माभिकांचा जोरकस फटका उलट दिशेला वळतो आणि तो जीव काही काळ मागे पोहू लागतो. निव्वळ कॅल्शियमच हे घडवते, हे नाइतोह आणि कानेको या संशोधकांनी 1972 मध्ये आवरण सच्छिद्र केलेल्या पॅरामेशियमवर सिद्ध केले. शाळेने ठरवल्यास येत्या पावसाळ्यानंतर नववी-दहावीच्या वर्गांसाठी हा प्रयोग मांडून द्यायला मी येईन. काचपट्ट्या आणि द्रावण मी सोबत आणीन, कडबा मात्र मुलांनी आणावा.