टपावरचा प्लाय आणि दोन स्क्रू

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे दशावतारी नाटक कंपन्यांचा सीझन चालू होतो आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या वर्कशॉपसमोर गाड्यांची रांग. मी कुडाळला बॉडीचं काम करतो, टेम्पो, मिनीबस, मासळीच्या गाड्या, वीसेक वर्षं झाली. कंपनीच्या गाडीला टपावर मजबूत फळी लागतेच, कारण पेटारा वर जातो. पेटारा म्हणजे नुसती कपड्यांची ट्रंक नव्हे, त्याची पूजा होते, तो हलला तरी मालकाचा जीव वरखाली होतो.

तर यंदा जत्रा नुकत्या सुरू झालेल्या, सकाळी पावणेसहाला फोन. एका कंपनीचे मालक. "मिस्त्रीनू, टप फुटलो."

नाटक संपवून पहाटे सामान चढवताना त्यांचा स्त्रीपार्ट करणारा मुलगा टपावर उभा होता, अनवाणी. पेटारा वर ओढायला जोर लावला आणि उजवा पाय प्लायमधून आरपार, वीतभर खाली थेट गाडीच्या पत्र्यावर. नडगी सोलून निघाली. रात्री नऊवारीच्या आत पट्टी बांधून पोरानं पूर्ण नाटक उभं केलं, हे मला नंतर कळलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

कारण तो प्लाय मी लावलेला. दोन वर्षांपूर्वी. आणि लावताना छाती फुगवून सांगितलेलं की पाच वर्षं बघायला नको. मालकांनी गाडी आणली आणि खाली उतरायच्या आधीच तेच वाक्य मला ऐकवलं, "तुमी सांगितललात मा, पाच वर्सां काय्येक होवचा नाय म्हणान."

आता हे काम मी कसं केलं होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, आणला, रंग मारला, झालं. मुळात बाजारात जो उठतो तो मरीन म्हणतो. दुकानदार लाल दिसणारा कुठलाही प्लाय मरीन म्हणून खपवतो. मी शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या सरकारी मानकाचा, शिक्का बघतो आणि शिक्क्यावरही विश्वास नाही म्हणून एक तुकडा कापून घरी न्हाणीतल्या चुलीवरच्या हंड्यात टाकतो. नियमाप्रमाणे ७२ तास उकळत्या पाण्यात राहिला तरी थर सुटायला नकोत. आमच्या हंड्याला काही सलग तीन दिवस उकळी नसते, पण सकाळ-संध्याकाळ तापतो तेवढ्यातसुद्धा खोटा माल उघडा पडतो. बायको म्हणते आंघोळीच्या पाण्याला सुताराच्या दुकानाचा वास येतो. येऊ दे.

पण शिक्का खरा असला तरी गोंदावर जेवढा भरवसा ठेवता येतो तेवढा लाकडावर नाही. आतलं फिनॉलचं रेझिन पाण्याला दाद देत नाही, थर सुटणार नाहीत, पण थर शेवटी लाकडाचेच. कडेनं पाणी पितात, ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लागते आणि मग थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असूनसुद्धा आतून केकसारखे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि दशावताराची गाडी तर पावसाळाभर मालकाच्या परड्यात फणसाखाली उभी, टपावर कुजक्या पाल्याचा थर. म्हणजे पाणी पडून वाहून जात नाही, चार महिने बसून राहतं.

म्हणून मी कडांवर जास्त मरतो. १२ एमएमची शीट, कापल्यावर प्रत्येक कड पॉलिश पेपरनं गोल करायची, कारण धारदार कोपऱ्यावर रंग थांबतच नाही, पातळ होऊन पहिला तिथूनच उडतो. मग इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून मारायचा लेप. डब्यावरच्या मापानं, वजनकाट्यावर, अंदाजपंचे नाही (माझ्या आधीच्या हेल्परनं एकदा डोळ्यानं माप घेतलं, तो दरवाजा आठ दिवस च्युइंगमसारखा होता, तो हेल्पर आता माझ्याकडे नाही). मगभर एकदम कालवायचं नाही, धूर यायला लागतो, पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं. कडा तीन वेळा भिजवायच्या, पहिला हात तर स्पंजवर ओतल्यासारखा गायब होतो. आपल्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते, ती पाण्यानं धुऊन, घासून मगच पुढचा हात, नाहीतर वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. शेवटी पीयू पेंट, गाड्यांचा, हार्डनरवाला, कारण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडून खडूसारखी होते. रंग पांढरा किंवा चंदेरी. काळा कितीही शोभला तरी मेमधे त्यावर पोळी भाजता येते. आणि कडेला ॲल्युमिनियमचं यू चॅनेल लावून द्या म्हणून गिऱ्हाईक हट्ट करतं, दिसायला छान, ते मी लावत नाही म्हणजे नाही. ते चॅनेल म्हणजे प्लायच्या कडेला बांधलेली पाण्याची पन्हळ.

भोकांचं तर माझं खास. सहा एमएमचा बोल्ट जाणार असेल तर आधी बारा एमएमचं भोक पाडतो, खालून टेप लावतो, इपॉक्सीत लाकडाची पिठी कालवून ते पूर्ण भरतो, दुसऱ्या दिवशी कडक झालं की त्याच्या मधोमध साडेसहाचं भोक. म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही, चारी बाजूनं इपॉक्सीची बांगडी. त्या गाडीला अशी २२ भोकं होती. एकेकाला दोन दिवस. हे कोणी बघत नाही, बिलात लिहिता येत नाही, आणि चौकातला वेल्डर हेच काम एका दुपारी करून माझ्या निम्म्या पैशात देतो.

तर मी शिडीनं वर चढलो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि मधल्या भागात एकदम भद्द. परातीएवढा गोल. बाकी सगळं ठणठणीत, कडा तर कालच्यासारख्या. आणि त्या परातीच्या एका बाजूला दोन कडीचे बोल्ट, जे मी लावलेले नव्हते. ड्रायव्हरनं पेटाऱ्याची दोरी बांधायला लावलेले. कोणाचं तरी ड्रिल मागून आणलं, आरपार दोन भोकं, साधा वॉशर, ना सीलंट ना काही.

मला जे बरं वाटलं ना तेव्हा, ते लिहायला लाज वाटते. मी टपावरूनच सगळ्यांसमोर ओरडलो, मालक ही बघा तुमच्या ड्रायव्हरची करामत. मालक तापले. ड्रायव्हर साठीकडे झुकलेला माणूस, तो खालून एवढंच म्हणाला, "दोरी खंय बांधू मगे?" प्रश्न बरोबर होता. कड्या मीच द्यायला हव्या होत्या, पेटारा वर जाणार हे मला ठाऊक होतं. पण त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागले आणि मी गप्प.

मग ते गेले आणि मी तो मधला तुकडा खोलायला घेतला. माझे बोल्ट सगळे निघाले, सुकी भोकं, बांगड्या जागच्या जागी. तरी तुकडा उचलेना. हात घालून चाचपलं तर पेटाऱ्याच्या बरोबर खालच्या अँगलला दोन स्क्रू. पत्र्याच्या शेडला मारतात ते, षट्कोनी डोक्याचे सेल्फ ड्रिलिंग, रबरी वॉशरवाले. रबर उन्हानं तडकून बिस्किटासारखं झालेलं, भोवती सिलिकॉनचा सुटलेला गोळा.

ते माझे.

आठवलं मग सगळं. काम पूर्ण झालं, रंग सुकला, आणि गाडी न्यायला आल्यावर मालक म्हणाले पेटारा मधोमध बसतो, खाली अजून एक अँगल टाका. रात्री त्यांना जत्रेला पोचायचं होतं. संध्याकाळचे साडेसहा. अँगल वेल्ड केला, आणि बांगडी करायला दोन दिवस कुठून आणू, वरून दोन स्क्रू मारले, सिलिकॉन फासलं, वरून ब्रश फिरवला. सिलिकॉनवर पेंट धरत नाही हे मीच पोरांना शिकवतो.

तुकडा खाली आणून सुरीनं थर सोलले. प्लायच्या एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे, त्यामुळे भोकातून शिरलेलं पाणी एका थरात लांबीला पळतं, दुसऱ्यात रुंदीला. प्रत्येक भोकाभोवती अधिकच्या चिन्हासारखा काळा डाग. ड्रायव्हरच्या दोन भोकांचे दोन, माझ्या स्क्रूंचे दोन, आणि पोराचा पाय गेला तिथे चारांचे हात एकमेकांत शिरलेले. तासभर बघत बसलो, कुठलं पाणी कोणाचं ते सांगता येईना. माझ्या स्क्रूकडचा डाग जास्त काळा वाटतो, दोन पावसाळे झेललेला. ड्रायव्हरनं भोकं कधी पाडली ते मी विचारलंच नाही, म्हणजे विचारायचं टाळलं.

आणि एक गोष्ट जास्त टोचते. हा प्लाय मी दोन्ही बाजूंनी इतका पक्का बंद केला होता, की चार भोकांतून गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. ऊन लागून सुकेल म्हणावं तर वरखाली इपॉक्सी. शेजारच्या लाकूडवाल्याच्या टेम्पोवर नुसता ऑइलपेंट मारलेला स्वस्तातला प्लाय आहे, दर पावसात भिजतो, दर उन्हात सुकतो, तीन वर्षं झाली, वेडावाकडा झालाय पण त्यातून पाय गेलेला नाही.

नवीन तुकडा टाकला. यावेळी कड्या मी दिल्या, चार, प्रत्येकीला बांगडी, मधल्या अँगललासुद्धा. कंपनी तीन रात्री भाड्याच्या टेम्पोनं फिरली. मालकांकडून फक्त सामानाचे पैसे घेतले, तर ते म्हणाले, "मिस्त्री माणूस बरो." मी हसलो, चहा मागवला.

गाडी न्यायला ड्रायव्हर आला. टपावर चढून एकेक कडी ओढून बघितली, मान डोलावली. खाली उतरल्यावर खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत षट्कोनी डोक्याचा एक स्क्रू. मी खोलताना पन्हळीत गडगडला असणार, दोनातला एकच माझ्या हाती लागला होता.

"ह्यो तुमचो मा?"

हो म्हटलं.

तो काही बोलला नाही. चावी घेतली, गाडी स्टार्ट केली, वळवताना हॉर्न पण मारला नेहमीसारखा. मालकांना सांगायचं अजून राहिलंय. सकाळी फोन करावा तर जागरणानं झोपलेले असतात, संध्याकाळी करावा तर रंगपट चालू. त्या मुलाची नडगी भरली म्हणतात.