कच्चे चित्र कशासाठी?

औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या ‘सैरंध्री’समोर उभ्या राहिलेल्या मुलांना एक गोष्ट पटवणे फार अवघड जाते, ती म्हणजे चित्रकार कोऱ्या कॅनव्हाससमोर उभा राहून थेट रंगवायलाच घेतो असे नाही. हे संग्रहालय १९३८ मध्ये उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत असत, त्यामुळे त्यांना हे कोणी सांगावे लागले नसते. पण साताऱ्याहून एस.टी.ने आलेल्या पाचवी-सहावीच्या मुलांना दिसते ते चौकटीत बसवलेले पुरे चित्र, आणि मोठ्या चित्रकारांचा हात कधी चुकतच नसावा, असा त्यांचा ग्रह होतो.

अशा वेळी मी मुलांना सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार राफाएल याने रंगवलेल्या भिंतीची गोष्ट सांगते. ओल्या गिलाव्यावर रंगवायचे, तर गिलावा वाळण्याच्या आत, म्हणजे साधारण एका दिवसात, त्या दिवसापुरता तुकडा पुरा करावा लागतो. चुकले तर गिलावा खरवडून पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नसते. भिंतीसमोर विचार करत बसायला सवडच नाही, म्हणून विचार आधी कागदावर उरकायचा. रोममधल्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’साठी राफाएलने केलेले सुमारे आठ मीटर लांबीचे कोळशाचे रेखाटन आजही मिलानमध्ये पाहायला मिळते. असे रेखाटन भिंतीवर उतरवण्याची त्या काळची एक रीत अशी, की रेषांवर टाचणीने भोके पाडायची आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, म्हणजे खाली ठिपक्यांची रेघ उमटते. भरतकामासाठी साडीवर नक्षी छापून देणारे टोचलेल्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवतात, ती युक्ती हीच. गंमत अशी, की भिंतीवर पुढे हाताला गाल टेकून बसलेला जो उदास माणूस आहे, तो त्या लांबलचक रेखाटनात नाहीच. एवढी तयारी करूनही राफाएलने त्याला मागाहून आणून बसवले.

पिकासोचेही तसेच. स्पेनमधल्या गेर्निका गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्ब पडले आणि १ मे रोजी त्याने ‘गेर्निका’ याच नावाच्या चित्रासाठी पहिली रेखाटने केली. सुरुवातीच्या रेखाटनांत एक इवलासा पंखवाला घोडा आहे, पुढच्या काहींत रंगही आहेत. पावणेआठ मीटर लांबीच्या शेवटच्या चित्रात ना तो घोडा उरला, ना रंग.

मुलांना मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो लिओनार्दोचा एक लहानसा कागद, जो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आईच्या मांडीवर बाळ आणि बाळाच्या कवेत सुटू पाहणारे मांजर, असा तो प्रसंग. शाईच्या रेघा एकमेकींवर इतक्या चढल्या आहेत, की पाय कोणाचे ते शोधावे लागते. शिवाय कागद उलटा करून मागून दिसणाऱ्या रेघांवरून तेच चित्र त्याने उलट्या दिशेनेही काढून पाहिले आहे. माझ्या भाचीने पुस्तकातले ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “आत्या, बाईला डोकी दोन का?” डोके इकडे कललेले बरे की तिकडे, हे त्याचे त्यालाच अजून ठरायचे होते, म्हणून त्याने दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवली, असे मी तिला सांगितले. पहिले डोके खोडले असते, तर दुसरे त्याहून बरे आहे की नाही, हे तो कशावरून ताडणार होता? चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलांच्या हातातले खोडरबर निदान कच्च्या कागदापुरते काढून घ्यावे, असे मला वाटते ते यामुळेच. अर्थात हे मत आमच्या घरात अल्पमतात आहे.

त्या मांजराचे लिओनार्दोने रंगवलेले चित्र मात्र आजवर कुठे सापडलेले नाही. भाचीच्या मते त्याचा विचार पक्का होईपर्यंत मांजर पळून गेले असणार.