पावसाळ्यातलं सोल्डरिंगचं टेबल

जून ते सप्टेंबर कोकणात सोल्डरिंग, म्हणजे तारा आणि पार्ट वितळलेल्या धातूने जोडायचं काम, करायचं तर टेबलाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. तापवायचं आयर्न तेच, वितळणारी सोल्डर वायर तीच. पण लादी ओली, हवा दमट, खिडक्या बंद आणि लाइटीचा भरवसा नाही. बोट भाजण्याची धास्ती प्रत्येकालाच असते. त्याहून वाईट अपघात या चार गोष्टींमुळे होतात.

आधी वीज. स्वस्तातल्या दोन पिनच्या २५ वॉटच्या आयर्नमध्ये दमटपणा शिरला की करंट झिरपत बिटपर्यंत, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकापर्यंत, येतो. कोरड्या जमिनीवर ज्याच्या नुसत्या झिणझिण्या येतात, तोच करंट ओल्या लादीवर अनवाणी बसलेल्याला जोराचा झटका देतो. आयर्न तीन पिनचंच घ्या. प्लग काढून मल्टिमीटरने बिट आणि प्लगची जाड पिन यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. तो एक-दोन ओहमच्या आत हवा. पाचच्या वर गेला तर आतला जोड सैल झालाय किंवा गंजलाय. अर्थात घराचंच अर्थिंग नावापुरतं असेल तर तिसऱ्या पिनचा उपयोग नाही, आणि जांभ्यात खणलेल्या उथळ खड्ड्यात ते बहुतेक तसंच असतं. म्हणून टेबलाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट झिरपला की लाइन तोडणारा स्विच) बसवाच आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. पायात रबरी चप्पल हवी.

आरसीसीबीचा इलाज चालत नाही तो भरलेल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या पार्टवर. टीव्हीच्या किंवा चार्जरच्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते मेन फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतात. सप्लाय बिघडलेला असेल तर ते उतरायला वाटच नसते, बोर्ड कितीतरी वेळ भरलेला राहतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट: ठिणगीबरोबर वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांकडे उडतात. २.२ किलोओहम, १० वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड वायरी लावून ठेवा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून एक-दीड सेकंदात उतरतो. तरी पाच सेकंद धरा, मग मीटर लावा, आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजा, कारण थोडं व्होल्टेज परत चढतं. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या आसपास असतात. तिथे शिकाऊ माणसाने हात घालूच नये.

मिरकरवाडा, हर्णै या बंदरांतल्या मासेमारी बोटींवरचे जीपीएस आणि फिश फाइंडर दुरुस्त करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा बोर्ड आत ओलाच असतो. हिरव्या पडलेल्या वायरीच्या तारांत पाणी अडकलेलं असतं. ३५० अंशांची बिट टेकली की त्याची एकदम वाफ होते आणि सोल्डरचा थेंब उडतो. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने मीठ काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. हे अल्कोहोल १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. धुताना आयर्न बंद आणि बाटली दुसऱ्या खोलीत. चष्मा मात्र प्रत्येक कामाला: पार्टच्या कापलेल्या तारेच्या पायांचे तुकडेही गोळीसारखे उडतात.

बिट पुसायचा स्पंजसुद्धा निथळता नको, पिळलेला हवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी त्यात वापरलं तर बिटला खड्डे पडतात.

आता धूर. तो सोल्डरमधल्या शिशाचा नसतो, वायरीच्या आत भरलेल्या राळेचा असतो. शिशाची वाफ व्हायला या तापमानाच्या कितीतरी पट उष्णता लागते. पण राळेच्या धुराने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोडासा धूरही सोसत नाही. झडीत खिडक्या लावून, वाकून काम केलं की सगळा धूर नाकात जातो. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा जोडापासून एका वितीवर ठेवा, धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा, आणि मागे पाइप लावून पागोळीखाली बाहेर काढा. जोडावर वारा मारणारा पंखा नको, जोड थंड पडतो. शिसं पोटात जातं ते हातांनी. सोल्डर वायर दातांत धरणं, कामाच्या मध्येच चहा-बिस्कीट किंवा तंबाखू खाणं आजच सोडा. उठताना साबणाने हात धुवा.

लाइट गेली की आयर्नचा प्लग काढायचा, नुसतं बटण नाही. दिवा विझलेला असतो, लक्षात राहत नाही, आणि रात्री दोनला लाइट येते. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होते त्या कोपऱ्यात आयर्न चालवू नका; तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आयर्न हातातून सुटलं तर झेलू नका, खुर्ची मागे ढकला. भाजलंच तर अंगठी लगेच काढा आणि वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको, कोकमाचं तेलही नको. ते भेगांना ठीक, ताज्या भाजण्यावर उष्णता आतच कोंडतं. फोड फोडू नका. डोळ्यात काही गेलं असेल तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.