तीन मीटर म्हणजे गुडघ्याएवढे?

मे महिन्यात लेकीच्या वहीत एक गणित चुकलेलं दिसलं. 3 मीटर म्हणजे किती सेंटिमीटर? तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 36.

हा आकडा कुठून आला ते मला लगेच कळलं आणि म्हणूनच जास्त लागलं. न्यू जर्सीत तिच्या अवतीभवती सगळं फुटात आणि इंचात आहे. फुटाचे 12 इंच, म्हणून मीटरचेही 12 कसले तरी. शाळेत सेंटिमीटर शिकवत नाहीत असं मुळीच नाही, तिच्या पट्टीच्या एका कडेला तो असतोच. पण शाळेबाहेर पाऊल टाकलं की दूध गॅलनमध्ये, बटाटे पाउंडात, रस्त्यावरच्या पाट्या मैलात. सेंटिमीटर बिचारा वहीतच राहतो.

जुलैत आम्ही दोघी गिरगावात माहेरी आलो. आई 31 वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवत होती. निवृत्त झाली तरी संध्याकाळी चाळीतली चार-पाच मुलं तिच्यापुढे वह्या घेऊन बसलेली असतात. मी तिला ते गणित दाखवलं. तिनं 36 वर बोट ठेवलं आणि मलाच विचारलं, "अगं, हिनं मीटर पाहिलाय का कधी?"

दुसऱ्या दिवशी जुन्या कालनिर्णयाची पानं निघाली. मुलांनी प्रत्येकी 10 सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कापल्या, त्यावर एकेक सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि खळ लावून पट्ट्या टोकाला टोक जुळवून चिकटवल्या. एका पट्टीला डेसिमीटर म्हणतात हे आईनं दोन दिवस सांगितलंच नाही. आधी वस्तू हातात येऊ दे, नाव मागून येतं, असं तिचं म्हणणं. खळ वाळेपर्यंत मुलं अंगावर सेंटिमीटर शोधत होती. लेकीला तो करंगळीच्या नखाजवळ सापडला.

मग आई तिला म्हणाली, "36 कुठे येतो ते बघ बरं." लेकीनं पट्टीचं टोक पायाशी धरलं, खुणा मोजत वर आली आणि थांबली. 36 तिच्या गुडघ्याशी होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडे. "आजी, तीन मीटर गुडघ्याएवढे कसे असतील?" तिनं आपली चूक आपणच पकडली होती. आईनं फक्त मान हलवली आणि आणखी दोन मुलांच्या पट्ट्या तिच्या पट्टीपुढे जोडायला सांगितलं.

मुलांना पहिल्याच दिवशी 'मोठ्यातून लहानात जाताना गुणायचं, शून्यं वाढवायची' असं शिकवू नये, हे माझं आता पक्कं मत झालंय. शून्य वाढवणारं मूल उत्तर बरोबर आणतं, पण 300 सेंटिमीटर केवढे ते त्याला दाखवता येत नाही. मग एखाद्या दिवशी शून्य विसरलं तर चूक झाल्याचंही कळत नाही.

वजनं मात्र आईनं घरी शिकवलीच नाहीत, भाजी आणायला पाठवलं. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द किती सहज येतात! "पाऊण किलो भेंडी" म्हटल्यावर भाजीवाल्या मावशींनी तागडीत 500 चं, 200 चं आणि 50 चं वजन टाकलं. लेक टाचा उंचावून बघत होती. घरी येईपर्यंत तिनं 750 स्वतःच जुळवलं होतं. सव्वा किलोचे 1250 ग्रॅम तिला जिन्यात सुचले.

हे सगळं आपल्याकडेही फार जुनं नाही. दशमान नाणी 1957 मध्ये आली, किलोग्रॅम 1958 पासून टप्प्याटप्प्यानं. त्याआधी रुपयाचे 16 आणे होते, जसे अमेरिकेत आजही पाउंडाचे 16 औंस आहेत. शेर गेला, पण पावशेरातला पाव किलोला येऊन चिकटला.

26 जुलैला पाऊस कोसळत होता, म्हणून आईनं 2005 चा पाऊस काढला. त्या दिवशी 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला साधारण 73. मुलांना मिलिमीटर म्हणजे अगदीच चिमुकला वाटत होता, पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधली फट. आईनं मीटरची पट्टी भिंतीला लावली आणि मुलांनाच खुणा करायला लावल्या. 73 ची रेघ आली 7 सेंटिमीटरच्या थोडी वर, घोट्यापाशी. 944 ची 94 च्या वर, लेकीच्या छातीशी. पाणी वाहून गेलं नसतं, जमिनीत मुरलं नसतं, तर सपाट जागेवर एवढं उभं राहिलं असतं, असं आईनं समजावलं. शहर एकच आणि दोन रेघा इतक्या लांब, हे बघून मुलं गप्प झाली.

त्या दिवशी आम्हाला गिरगावात फारसं काही कळलंच नव्हतं. बाबा मात्र अंधेरीला कामावर होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचले आणि जिन्यातच बसले, ते मला अजून दिसतं.

"आजोबा, तुमच्याकडे पाणी कुठवर होतं?" लेकीनं विचारलं. बाबा खुर्चीतून उठले, भिंतीजवळ गेले आणि वरच्या रेघेच्याही वर तळहात आडवा टेकवला. "मिलन सबवेकडे तर विचारूच नकोस. मी होतो तिथे एवढं."

हाताखाली पट्टी पुरेना. तिनं शेजारच्या मुलाची पट्टी मागून घेतली, टोकाला टोक लावलं, खुणा मोजल्या.

"118 सेंटिमीटर," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "1 मीटर 18."