कापसाची धूळ आणि अठरा हजार सत्तावन्न पौंड

एलिझाबेथ गॅस्केल १८५० पासून १८६५ मधील मृत्यूपर्यंत ज्या घरात राहिल्या, ते मँचेस्टरच्या प्लिमथ ग्रोव्हवरील घर आता संग्रहालय म्हणून खुले आहे. या शहरात राहायला आल्यावर मी त्यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी वाचली आणि पाठोपाठ बीबीसीने २००४ साली तिच्यावर केलेली चार भागांची मालिका पाहिली. गिरणगावाच्या आठवणी ज्यांच्या घरात अजून निघतात, अशा मराठी वाचकांना ही कथा सहज आपलीशी वाटेल.

कथानक थोडक्यात असे. धर्माविषयी मनात शंका आल्यामुळे पाद्रीपद सोडणाऱ्या वडिलांबरोबर मार्गारेट हेल दक्षिणेतील हिरवे खेडे सोडून मिल्टन नावाच्या धुरकट गिरणीशहरात येते. हे शहर कल्पित असले तरी ते मँचेस्टरच आहे, हे येथील शेंबडे पोरही सांगेल. तेथे तिची गाठ जॉन थॉर्नटन या करारी गिरणीमालकाशी पडते आणि निकोलस हिगिन्स हा युनियनचा कार्यकर्ता व त्याची आजारी मुलगी बेसी यांच्याशी तिची मैत्री जुळते. पुढे संप होतो, मालक आयर्लंडहून मजूर आणतो, जमाव चाल करून येतो आणि थॉर्नटनच्या आड उभ्या राहिलेल्या मार्गारेटला दगड लागतो.

मालिकेतील सर्वांत गाजलेले दृश्य साचेखात्याचे आहे. दार उघडताच शेकडो मागांचा खडखडाट कानांवर आदळतो आणि हवेत बर्फासारखा कापूस तरंगताना दिसतो. याच वेळी थॉर्नटन, म्हणजे रिचर्ड आर्मिटेज, खात्यात विडी ओढू पाहणाऱ्या कामगाराला बेदम मारतो. आगीची भीती हे त्याचे कारण खरे असले, तरी मूळ पुस्तकात हा प्रसंगच नाही. तेथे दोघांची पहिली भेट हॉटेलच्या खोलीत, अत्यंत सभ्यपणे होते. मला हा बदल थोडा भडक वाटला. गिरणीतील ती दृश्ये मात्र बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये, वाफेवर चालणाऱ्या खऱ्या मागांवर चित्रित झाली आहेत, आणि त्यांचा आवाज कोणत्याही वर्णनाला साधला नसता. ही गिरणी १८९० च्या दशकातील, म्हणजे कादंबरीनंतर चाळीस वर्षांनी उभी राहिलेली आहे. तिचे उत्पादन थांबले ते १९८२ साली, मुंबईत गिरणी कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला त्याच वर्षी.

पुस्तकाची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून बेसीच्या छातीत धूळ भरलेली आहे. ही धूळ बाहेर खेचणारे मोठे चाक काही गिरण्यांत बसवलेले असते, असे ती मार्गारेटला सांगते. पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही निघत नाही, म्हणून बहुतेक मालक ते बसवत नाहीत. पुढे ती जे सांगते ते वाचून मी थबकलो. धूळ गिळण्याची सवय झालेल्या कामगारांना चाक असलेल्या खात्यात जास्त भूक लागते, म्हणून तेथे काम करायचे तर मजुरी वाढवून द्या, असे काही जण म्हणत असत. संपाविषयीची लांबलचक भाषणे जे सांगू शकत नाहीत ते या दोन-चार वाक्यांत आले आहे.

ही कादंबरी चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि १८५४ हेच कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केल्याचे वर्ष. मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायरची यंत्रे मुंबईला आली, आणि त्यांच्या मागोमाग भोंगा, धूळ, खोकला आणि संपही आले. कादंबरीच्या उत्तरार्धात थॉर्नटन कामगारांच्या जेवणासाठी एकत्र स्वयंपाकाची सोय करतो. तेथे मला संपाच्या काळात उधारीवर डबे देणाऱ्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायका आठवल्या. आपल्याकडे ते काम मालकाने केले नाही, एवढाच फरक.

शेवटाबद्दल मात्र मी पुस्तकाच्या बाजूने आहे. मालिकेत दोघे रेल्वेच्या फलाटावर भेटतात आणि चुंबन घेतात. ते दृश्य सुंदर आहे आणि त्यावर जीव टाकणारे प्रेक्षक असंख्य आहेत. पुस्तकात ही भेट लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरच्या दिवाणखान्यात होते. थॉर्नटनचा धंदा बुडालेला आहे आणि मार्गारेटला वारसाहक्काने संपत्ती मिळालेली आहे. बँकेत अडीच टक्क्यांनी पडून असलेले आपले अठरा हजार सत्तावन्न पौंड त्याने वापरावेत आणि अधिक व्याज द्यावे, असा व्यवहार ती कागदपत्रे चाळत मांडू लागते, आणि बोलता बोलता तिचा आवाज कापू लागतो. धंदा गमावलेल्या स्वाभिमानी माणसाला मदत स्वीकारता यावी म्हणून तिला प्रेमावरही व्याजाचा दर लावावा लागतो. त्यानंतर आता घरच्यांना काय सांगायचे, हा प्रश्न दोघांपुढे येतो. तिची मावशी ‘तो माणूस!’ म्हणेल आणि त्याची आई ‘ती बाई!’ म्हणेल, अशी एकमेकांची थट्टा करीत ते कादंबरी संपवतात. सिनेड क्यूसॅक यांनी मालिकेत उभी केलेली ती आई पाहिल्यावर, मार्गारेटचे पुढे कसे निभावले असेल याची काळजी मला अजूनही वाटते.