नाताळचं टेबल सजवताना: आधी मोजपट्टी, मग कात्री

घरी केलेली सजावट दिसायला छान असते, पण जेवण वाढायला घेतलं की तीच उचलून ओट्यावर ठेवावी लागते. हात कमी पडले म्हणून नाही, माप घेतलं नाही म्हणून. टेबल ९० सेंटिमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या ताटल्यांना मिळून साधारण ५८ सेंटिमीटर जातात. पुढे दोन्हीकडचे ग्लास धरले, की मधोमध जेमतेम १५ सेंटिमीटरची पट्टी उरते. सजावट तेवढ्यातच बसवायची. वाढण्याची भांडीही टेबलावरच राहणार असतील तर एक सलग माळ करू नका. तिचे दोन-तीन तुकडे करा आणि मधल्या जागा भांड्यांना सोडा. उंची ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर समोरच्याशी बोलताना सगळे माना वाकड्या करत बसतात.

सुरुवात संत्र्यांच्या चकत्यांपासून करा, कारण त्यांना वेळ लागतो. धारदार सुरीने ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा आणि कापडाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. ताटात नको, जाळीवर मांडा, म्हणजे खालूनही हवा लागते. ओव्हन ९० ते १०० अंश सेल्सिअसवर ठेवून तीन-चार तास, दर तासाला उलटवत वाळवा. घाई करून तापमान वाढवलं की कडा तपकिरी होतात आणि गर मात्र आत चिकटच राहतो. बोट लावल्यावर चिकट लागत नसेल तर झाल्या. थोडा मऊपणा चालतो, गार झाल्यावर त्या कडक होतात. जाड कापलेल्या चकत्यांना आठवड्याभरात बुरशी धरते. दमट हवेत चांगल्या चकत्याही पुन्हा नरम पडतात, म्हणून वापरेपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पांढऱ्या चांदण्यांसाठी मिठाची कणीक बरेच जण करतात, पण ती भाजल्यावर पिवळट दिसते. शुभ्र रंग हवा असेल तर २ कप खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे, ती फुगते), १ कप कॉर्नफ्लोअर आणि सव्वा कप पाणी गाठी मोडून एकत्र करा. मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत मिश्रण कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की लगेच उतरवा. जास्त शिजवलं तर लाटताना भुगा होतो. ओलसर कापडाखाली गार करून मळा, ५ मिलिमीटर जाड लाटा आणि साच्याने कापा. दोऱ्याचं भोक स्ट्रॉने आत्ताच पाडा, वाळल्यावर पाडायला गेलात तर चांदणीचे दोन तुकडे. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका: वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. जाळीवर, सावलीत, मधूनमधून उलटत एक-दोन दिवस. कडांची कुसळं बारीक पॉलिश पेपरने घासली की काम संपलं.

मेणबत्तीभोवती थेट दालचिनी बांधलेली फार सुंदर दिसते आणि तितकीच धोक्याची असते. मेण खाली गेलं की ज्योत सालीला भिडते. त्याऐवजी ७ सेंटिमीटर व्यासाचा जाड, उष्णता सोसणारा काचेचा ग्लास घ्या. घेर २२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे काडीच्या जाडीप्रमाणे १५ ते २० काड्या लागतील. ग्लासाला रबर चढवा, एकेक काडी त्यात खोचा आणि शेवटी वरून सुतळी गुंडाळून रबर झाका. डिंक नको, ग्लू गन तर मुळीच नको, तिचा गोंद उष्णतेने सुटतो. काड्या ग्लासाच्या काठापेक्षा सेंटिमीटरभर खाली हव्यात. आत बुटकी, बिनवासाची मेणबत्ती. सुगंधी मेणबत्ती जेवणाचा वास मारते, तिला दिवाणखान्यात पाठवा.

हिरवाईसाठी रोझमेरीच्या डहाळ्या उत्तम, पाण्याशिवायही एक संध्याकाळ सहज टिकतात. नाताळच्या सजावटीत दिसणारी होलीची (काटेरी पानांचं झुडूप) लाल फळं, मिसलटो (झाडांवर वाढणारं बांडगूळ) आणि यू (सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड) विषारी आहेत. ताटाजवळ ती नकोतच, लहान मुलं असतील तर घरातही नकोत. चमकीही टेबलाबाहेरच ठेवा, ती झडते आणि नेमकी सूपमध्ये सापडते.

नावाच्या पट्ट्या अगदी शेवटी. जाड कार्डाचा ९ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, मधोमध रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबा आणि मग घडी घाला, म्हणजे कड फाटत नाही. नाव दोन्ही बाजूंना लिहा, समोर बसलेल्यालाही ते वाचता आलं पाहिजे.