तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या अंजनीला शेंडा का नाही

प्रदर्शनात, घरी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न: ‘बोन्साय करता, तर जुनिपर, पाइन ही नेहमीची झाडं सोडून आपल्या रानातली ही अंजनी-जांभळं कशाला? आणि असले आकार सुचतात तरी कुठून?’

सुचत नाहीत हो, बघितलेले असतात. महाबळेश्वरला, जवळजवळ साडेतेराशे मीटरवर, पश्चिमेच्या कड्याशी जाऊन उभे राहा. खाली जांभा, वर माती असली तर असली. पावसाळ्यात कड्यावरून चढणारा वारा त्या बाजूची पालवी टिकूच देत नाही. मग अंजनी एका बुडातून चार खोडं काढते आणि माथा कड्याकडे बुटका, आत आत चढत जाणारा, कातरल्यासारखा. (झाडं तिथून उपटून आणत नाही, आधीच सांगतो. माझी बियांपासूनची आहेत, म्हणून तर केस पिकले.)

तशीच एक अंजनी फेब्रुवारीत प्रदर्शनात ठेवली होती. पानं गळलेल्या पेरांना चिकटून निळ्या कळ्या धरल्या होत्या. परीक्षक आले, खाली वाकले, पेन्सिलीनं तीन खोडांवर टकटक केलं आणि मागच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, ‘ही उडवायची. एक ठेवायचं. शेंडा कुठाय? हे झाड नाही, कुंपण आहे.’ पोरं हसली. वहीत लिहूनही घेतलं एकीनं. मी शेजारीच उभा, छातीवर नावाचा बिल्ला. कळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर कात्री हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, ‘आज नको.’

त्यांचं एक बरोबर होतं. कड्यावर ते रान डोळ्यांत मावत नाही. ट्रेमध्ये तेच ठेवलं की नजर कुठं टेकवायची कळत नाही. एके काळी मीच नवख्यांना बोन्सायचा ठरलेला त्रिकोण, वर एक शेंडा आणि खाली रुंद पसारा, आखून द्यायचो. तो जुना मी अजून वाद घालतो: ‘तुझ्या पुण्याच्या गच्चीवर कुठला आलाय तो वारा? तूही कात्रीच चालवतोस. मग जपानी डोंगराची नक्कल करणाऱ्यात आणि तुझ्यात फरक काय?’

फरक एवढाच, की तो वारा मी अंगावर घेतलाय. हे उत्तर पुरतं का? त्याला पुरत नाही. यंदा एक खोड थोडं वर जाऊ दिलंय. परीक्षकांसाठी नाही, हे मात्र लिहून घ्या.